देवघरातल्या पितळी खंडोबाचं चित्र: झिजलेला चेहरा कसा रंगवू?

चित्रवेडी

आमच्याकडे देव पाळीने फिरतात. पणजोबांच्या मुलांची आता वेगवेगळी घरं झाली, वाड्याची जागाही गेली, पण दर चंपाषष्ठीला देव एका घरातून दुसऱ्या घरी जातात ते अजून चालू आहे. यंदा आमची पाळी. टाक (पत्र्यावर ठोकून उठवलेले देव) बरेच आहेत, पण मी अडकले आहे ती एका पितळी मूर्तीत. जेमतेम साडेचार इंच उंच. घोड्यावर खंडोबा, त्याच्या मागे म्हाळसा, खाली कुत्रा, बाजूला दोन मुंडकी (मणि-मल्ल दैत्यांची असावीत). देवाच्या उजव्या हातात खंडा आहे, त्याचं टोक कधीतरी तुटलंय.

मला याचं तैलरंगात चित्र करायचंय. २४ × ३० इंचांचा कॅनव्हास ताणून तयार आहे. वस्तुचित्रं काढायची सवय आहे, क्लासही केलाय, पण धातू फारसा रंगवलेला नाही.

अडचण अशी की दोघांचेही चेहरे जवळजवळ गेलेत. रोज आंघोळ, रोज पुसणं, सणावाराला चिंच लावून घासणं, हे पिढ्यान्पिढ्या. नाकाच्या जागी नुसता उंचवटा, डोळे बोटाला लागतात पण दिसत नाहीत. उलट घोड्याच्या गळ्यातली माळ, खोगिराची नक्षी, म्हाळसेच्या पाठीवरची वेणी अगदी टोकदार राहिली आहे, कारण तिथे कुणाचं बोट पोचलंच नाही. साडेचार इंचांत हे चालून जातं. चित्रात चार-पाच पट मोठं केलं की तो गुळगुळीत चेहरा कसा दिसेल?

दुसरं म्हणजे आई म्हणतेय, देवाचं चित्र काढतेस तर आधी लख्ख घासून घे. मला तो खाचांत बसलेला हळदीकुंकवाचा थर हवा आहे. घरात यावरून रोज वाद. फोटो खाली देते.

मिनू

फोटो दिसत नाहीयेत गं. लिंक पब्लिक केलीस का?

चित्रवेडी

आता बघ.

मिनू

दिसले! घोड्याची मान काय सुरेख आहे. आणि कुत्रा वर बघतोय चक्क. मला चित्रातलं शून्य कळतं, पण धागा वाचत राहणार.

आजोबा_ऑनलाईन

चित्र जरूर काढा, पण पूजेतला देव उठवून टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी ठेवणं मनाला पटत नाही. पूजा झाल्यावर देवघरासमोरच बैठक मारून काढता येणार नाही का?

कऱ्हाकाठी

आजोबा, आदर राखून सांगतो, खंडोबाच्या बाबतीत हे तितकं लागू नाही. हा फिरता देव आहे. लग्नकार्य झालं की घरचे देव जेजुरीला भेटीला नेतात. सोमवती अमावस्येला गडावरून खुद्द देवाची पालखी कऱ्हा नदीवर आंघोळीला येते. आणि यांचे देव तर दरवर्षी घर बदलतायत. आमच्याकडे आजी देव हलवताना 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणून भंडारा लावायची आणि मग उचलायची. तेवढं करा, खुशाल खिडकीशी ठेवा. फळांची टोपली मात्र नको, तिथे माझं आजोबांना अनुमोदन.

आजोबा_ऑनलाईन

मान्य. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आत जागेवर ठेवा म्हणजे झालं.

तैलरंग

घासायच्या वादात मी पूर्णपणे धागाकर्तीच्या बाजूने. घासून लख्ख केलेलं पितळ रंगवायला सर्वात कंटाळवाणं असतं. सगळीकडे सारखी चमक, आकार हरवतो. खाचांत काळपट मळ आणि कुंकू आहे म्हणूनच तुमच्या फोटोत ती माळ वाचता येतेय. आईंना सांगा, चित्र झालं की तुम्ही स्वतः घासून द्याल.

आता धातूबद्दल. 'पितळेचा रंग' म्हणून पॅलेटवर काही तयार करायचं नाही. पितळ रंगवताना आपण मुख्यतः त्यात पडलेली खोली रंगवत असतो. खिडकी, समोरची भिंत, तुमची साडी किंवा टी-शर्ट, मूर्तीखालचं कापड, सगळं त्यात येतं, फक्त पिवळ्या गाळणीतून. चिनीमातीच्या कपावरची चमक उजेडाच्या रंगाची असते. धातूचं तसं नाही, तो परावर्तनालाही आपला रंग देतो. त्यामुळे चमक दिसली की ट्यूबमधला पांढरा उचलायचा मोह आवरा. नेपल्स यलोत किंवा लेमन यलोत पांढरा मिसळून सुरुवात करा. निव्वळ पांढऱ्याच्या जवळ जाणारे ठिपके अख्ख्या चित्रात दोन-तीनच ठेवा, तेही अगदी शेवटी.

मधला टोन यलो ऑकर आणि रॉ अंबर. उबदार सावलीसाठी बर्न्ट सिएना. खोल जागी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन. काळी ट्यूब उघडूच नका, पिवळ्यात काळा गेला की शेवाळी हिरवा होतो. आणि कडा नीट बघा. धातूत सर्वात उजळ आणि सर्वात गडद हे बहुधा शेजारी-शेजारी असतात, मध्ये उतरण नसते. आपण सवयीने तिथे ब्रश फिरवून मऊ करतो आणि पितळेचं लाकूड होतं.

उजेड एकाच बाजूने घ्या, शक्यतो उत्तरेच्या खिडकीचा. ट्यूबलाइट बंद. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. तो गडद भाग उजळवतो आणि उजळ भाग दाबतो, म्हणजे धातूचा जीवच काढून घेतो. शिवाय जवळून काढलेल्या फोटोत घोड्याचं तोंड फुगतं आणि मागचा देव बारीक होतो. फोटो लागलाच तर लांब उभं राहून झूम करा.

नजरेची उंचीही ठरवा. आपण देवघरात मूर्ती वरून बघतो. ती उचलून अशी ठेवा की तुमचे डोळे घोड्याच्या गुडघ्यांच्या पातळीला येतील. साडेचार इंचांची मूर्ती चौकातल्या पुतळ्याएवढी होते.

भट्टीवाला

ओतकामाशी घराण्याचा संबंध, म्हणून दोन शब्द. फोटोवरून ही मेणावरची ओतीव मूर्ती वाटते. आधी मेणात आकार करायचा, वर मातीचे थर, भट्टीत मेण वितळून बाहेर, त्या पोकळीत धातूचा रस. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे तंतोतंत दुसरी होत नाही. लगाम आणि माळ बघा, मेणाची बारीक दोरी वळून चिकटवल्यासारखी दिसते. टोकाला ओतारी बोटाने दाबतो तो चपटेपणासुद्धा आहे. चित्रात तो चुकवू नका.

चिंचेबद्दल: पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लावून खूप वेळ ठेवलं की जस्त आधी सुटतं आणि पृष्ठभागावर तांब्याचा गुलाबी-लालसर थर राहतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत घोड्याच्या मांडीवर तो लालसर डाग आहे, तो कुंकवाचा नाही. रंगवताना दोन्ही लाल वेगळे ठेवा. कुंकू मॅट असतं, तांब्याचा भाग चमकतो.

तैलरंग

वा. हे मला नुसत्या फोटोवरून कळलं नसतं.

सहज_सुचलं

मी जरा उलटं बोलतो. चेहरे द्या. ज्या ओताऱ्याने ही मूर्ती केली त्याने डोळे कोरले होते, मिशा कोरल्या होते, त्याच्या मनात गुळगुळीत खंडोबा नव्हता. झीज मूर्तीची नाही, आपल्या हातांची. तुटक्या खंड्याचं टोक तुम्ही चित्रात पुरं करणार असाल तर चेहऱ्याने काय पाप केलंय? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बिनडोळ्यांचा देव भिंतीवर बघवणार नाही, हेही लक्षात घ्या.

सहज_सुचलं

*कोरल्या होत्या. ऑटोकरेक्ट.

तैलरंग

मुद्दा वजनदार आहे. पण चेहरे द्यायचे म्हणजे कुणाचे? ओताऱ्याने केलेला चेहरा आपण पाहिलेला नाही. हात आपोआप कॅलेंडरवरचा खंडोबा काढेल: गोरापान, गुलाबी गाल, पिळदार मिशा, मोठे डोळे. ती शैली छापील देवचित्रांची. रविवर्मांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यानंतर घरोघरी देवांना तसे चेहरे आले. खेड्यातल्या ओताऱ्याच्या मेणातल्या चेहऱ्याशी त्याचं नातं नाही. त्याचे डोळे बहुधा मेणाची गोळी आणि त्यावर एक चीर, एवढेच असणार. कॅलेंडरचा चेहरा या घोड्यावर बसवलात तर चित्रात दोन वेगवेगळे हात दिसतील.

फिरस्ता

या निमित्ताने दोन चित्रकार आठवले, दोघांनीही छोट्या मूर्ती समोर ठेवून चित्रं केली. सेझानकडे प्लास्टरचा एक छोटा क्युपिड होता. त्याचं १८९५ च्या सुमाराचं चित्र लंडनच्या कोर्टोल्ड कलादालनात आहे. सफरचंदं आणि कांदे (सॉरी आजोबा!) आजूबाजूला, मागे टेकवून ठेवलेले कॅनव्हास, जमीन अशी कलती की सगळं घरंगळेल. तो प्लास्टर पांढरा नाहीच, निळसर, हिरवट, पिवळट. तो क्युपिड अजून फ्रान्समधल्या एक्स गावच्या त्याच्या स्टुडिओत ठेवलेला आहे.

दुसरा मातीस. १९०७ मध्ये तो आडव्या पहुडलेल्या बाईचं शिल्प मातीत करत होता, ते पडून खराब झालं. त्याने मग तीच आकृती कॅनव्हासवर काढली. ते 'ब्ल्यू न्यूड', आता बाल्टिमोरला आहे. शिल्प पुढे पूर्ण केलं आणि नंतर तेच शिल्प त्याच्या चित्रांत येत राहिलं. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९१२ चं एक आहे, माशांच्या भांड्याशेजारी हीच मूर्ती. गंमत म्हणजे तिथे ती धातूची दिसतच नाही, गुलाबी आहे.

म्हणून माझा प्रश्न वेगळा. तुम्ही मूर्तीचं चित्र काढताय की खंडोबाचं? मूर्तीचं असेल तर झीज हवी. खंडोबाचं असेल तर घोडा जिवंत करा, अंगरखा घाला, पितळ विसरून जा. दोन्हीच्या मधे राहिलात तर फसेल.

चित्रवेडी

दिवसभर हाच प्रश्न डोक्यात होता. उत्तर बहुतेक आधीपासूनच माहीत होतं. मला मूर्तीचंच काढायचंय. जेजुरीचा खंडोबा सगळ्यांचा आहे, त्याची चित्रं हवी तेवढी मिळतात. ही मूर्ती मात्र पुढच्या वर्षी काकूकडे जाणार आणि पुन्हा आमच्याकडे यायला काही वर्षं लागणार. भिंतीवर हवी आहे ती हीच, तुटक्या खंड्यासकट.

पण सहज_सुचलं म्हणतात तोही काटा आहेच. बिनडोळ्यांचा देव आईला चालणार नाही.

कऱ्हाकाठी

आईंना दाखवायच्या आधीच कसं ठरवलंत? त्या तर रोज हाच चेहरा पुसतायत. त्यांना डोळे दिसत असणार.

चित्रवेडी

😀 विचारलं. म्हणाली, "दिसत नाहीत म्हणजे काय? दिवा लावल्यावर बघ."

तैलरंग

मग आता खरंच दिवा लावून बघा. विनोद नाही. समोरून खिडकीचा सपाट उजेड आला की झिजलेला उठाव नाहीसा होतो. समईचा उजेड बाजूने आणि खालून येतो, अगदी अर्धा मिलिमीटरचा उंचवटासुद्धा सावली टाकतो. पेन्सिलने नुसता टोन टिपून ठेवा, रेषा काढू नका.

चित्रकार हळदणकरांचं 'निरंजनी' आठवा, हातात दिवा धरलेली मुलगी. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, लोक बिनधास्त रविवर्म्यांच्या नावावर खपवतात. जलरंग आहे ते. तिथे प्रकाश पिवळ्या रंगाने आणलेला नाही. दिव्याभोवतीचा अंधार इतका जपलाय की कोरा राहिलेला कागद पेटल्यासारखा वाटतो. तुमच्या चित्रात पितळ चमकवायचं असेल तर पार्श्वभूमी त्यासाठी दोन पायऱ्या खाली उतरवावी लागेल.

चित्रवेडी

बघितलं. दिव्यात डोळे आहेत! म्हणजे डोळे असे नाहीत, पण भुवईच्या हाडाखाली एक सावली पडते आणि नाकाच्या एका बाजूला उजेडाची बारीक कड येते. मिशीच्या जागी काहीच नाही, तरी तोंडाचा निश्चय दिसतो. म्हाळसेचा चेहरा मात्र दिव्यातही गेलेलाच. तिचा कल कळतो फक्त, मान किंचित देवाकडे.

मग असं ठरवतेय: खिडकीऐवजी डावीकडून समई, उजव्या बाजूला लांबून खिडकीचा थोडा संध्याकाळचा उजेड.

तैलरंग

उत्तम. उबदार आणि थंड दोन्ही उजेड मिळाले की पितळ नाचतं. घोड्याचा मागचा भाग आकाशाच्या उजेडात निळसर जाईल. घाबरू नका, जाऊ द्या निळा. म्हाळसेला तसंच सोडा, एका ब्रशच्या फटकाऱ्यात.

कऱ्हाकाठी

घोडा निळा होतोय तर होऊ दे! तळी भरताना जो जयघोष करतात त्यात देवाचा घोडा निळाच आहे. कॅलेंडरवाल्यांनी पांढरा केला.

मिनू

अंगावर काटा आला हे वाचून.

एडिसनकर

छान धागा. आमचे देव भारतात मोठ्या भावाकडे, इथे फक्त फोटो. एक कल्पना सुचली: रंगात खरा भंडारा मिसळला तर? जेजुरीहून आणलेला थोडा आहे माझ्याकडे. चित्राला एक वेगळं मोल येईल.

भट्टीवाला

भावना समजली, पण भंडारा म्हणजे हळद, आणि हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात टाकला की डाग उडतो, तेच चित्राचं होणार. शिवाय चुन्यासारखा क्षार लागला की हळद लाल होते, पारंपरिक कुंकू तसंच बनतं.

तैलरंग

+१. पिवळ्यासाठी कॅडमियम यलो वापरा, ते टिकतं. भंडारा द्यायचाच असेल तर कॅनव्हासच्या मागे चौकटीच्या लाकडाला बोट लावा. पुढून चित्र, मागून देव.

आजोबा_ऑनलाईन

हे आवडलं.

चित्रवेडी

थोडी प्रगती. आधी बर्न्ट अंबरने पातळ थरात सगळा गडद-उजळ खेळ बसवला, रंग नाही. घोडा, कुत्रा, मुंडकी जागेवर आली. समईसमोर फार वेळ बसवत नाही, ज्योत हलते आणि सगळ्या चमका जागा बदलतात. म्हणून एकदा ठरवलेल्या चमका तशाच ठेवल्या आणि बाकी समोर बघून करतेय.

माळ रंगवायला सर्वात मजा आली. भट्टीवाले, तुम्ही सांगितलेला चपटेपणा दिसला आणि त्यानंतर ती माळ दागिना न वाटता कुणाच्या तरी बोटाखालून आलेली वाटायला लागली. तांब्याच्या डागासाठी बर्न्ट सिएनावर पातळ अलिझरीन लालचा थर दिलाय.

खंड्याचं टोक तुटकंच ठेवलंय. भावाला वाटलं चित्र अपुरं आहे.

सहज_सुचलं

चेहऱ्याचा फोटो पाहिला. माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. देवाचा चेहरा पटला. म्हाळसेचा अजून नाही, तिथे मला रिकामं वाटतं.

चित्रवेडी

मलाही कधीकधी वाटतं. पण तिच्या चेहऱ्यावर काहीही ठेवलं की ती दुसरीच बाई होते. पुसून पुन्हा होता तसाच ठेवला.

फिरस्ता

झिजलेल्या घरगुती पितळेचा डोळ्यांना सराव हवा असेल तर पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. दिवे, अडकित्ते, भांडी. हात कुठे लागत होता ते प्रत्येक वस्तूवर वाचता येतं. पुढच्या चित्रासाठी खाद्य मिळेल.

एडिसनकर

चित्र पूर्ण झाल्यावर कुठे लावणार? चुलत भावंडांना प्रिंट देणार का? आणि हॉलमध्ये लावलं तर खाली चप्पल-स्टँड नको वगैरे पाळायचं का?

आजोबा_ऑनलाईन

प्राणप्रतिष्ठा केलेली नाही, ते चित्र आहे. रोजची पूजा लागणार नाही. पण चप्पल-स्टँडवर तुम्ही आजोबांचा फोटोसुद्धा लावत नाही ना?

तैलरंग

मी तांत्रिक सांगतो. देवघराच्या अगदी वर लावू नका. धूप-उदबत्तीचा धूर तेलकट असतो, काही वर्षांत पितळेची चमक तपकिरी होते. समोरच्या भिंतीवर लावा, थेट ऊन नको. वार्निशची घाई नको, तैलरंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष जातं. तोवर धूळ बसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवलं तरी चालेल. प्रिंटसाठी फोटो वार्निशच्या आधी काढून घ्या, नंतर चकाकी येते.

चित्रवेडी

देवघराच्या समोरच्या भिंतीवर ठरलंय. चुलत भावंडांना प्रिंट द्यायच्या आहेत, एका काकांनी आत्ताच "मूळ चित्रही पाळीने फिरवा" अशी मागणी केली आहे. 😀 त्यावर घरात नवा वाद.

जुनेरं

उशिरा आलो, धाग्याची वाचनखूण साठवली. आमच्याकडे मूर्ती नाही, चांदीचे टाक आहेत, तेही असेच झिजलेत. त्यांचं चित्र जमेल का? उठाव फारच कमी आहे.

भट्टीवाला

टाक म्हणजे पत्र्यावर मागून ठोकून उठवलेलं काम, त्यामुळे उठाव कमीच असतो. मागची बाजूही पाहून घ्या. पुढून झिजलं तरी मागे ठोकल्याचे खळगे बरेचदा शाबूत असतात, त्यावरून आकार कुठे होता ते कळतं.

तैलरंग

टाक उभा करा, थोडा मागे कलता, आणि उजेड अगदी कडेने घसटत जाईल असा ठेवा. चांदीत रंग फार कमी असतो, त्यामुळे भोवतालच्या कापडाचा रंगच चित्राचा रंग ठरवतो. लाल खण वापरलात तर अर्धा टाक लाल होईल. पॅलेटवर पांढरा, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना एवढ्यावर निभावतं. आणि कपाळावरचा कुंकवाचा ठिपका पुसू नका, अख्ख्या करड्या चित्रात तेवढाच स्वतःचा रंग असतो.

जुनेरं

पुढच्या रविवारी बसतो. फोटो नवीन धाग्यात टाकेन.